चार वेढ्यांची स्प्रिंग

मेस्त्री दुरुस्तीला आले, की आधी मशीनचा वास घ्यायचे. चपला दाराशी काढायच्या, टोपी खिशात घालायची आणि टाइपरायटरला नाक लावून डोळे मिटायचे. एका पावसाळ्यात माझ्या मशीनची अक्षरं चिकटायला लागली, म्हणून मी त्यांच्या मुळाशी शिलाई मशीनचं तेल सोडलं. वरून पुसूनही घेतलं. मेस्त्रींनी वास घेतला आणि म्हणाले, "बाई, दिवा लावायचाय व्हय ह्यात?" तेलावर धूळ बसते, तिचा चिखल होतो आणि वर गेलेलं अक्षर खाली येत नाही. पेट्रोल आणि दात घासायचा ब्रश घेऊन त्यांनी एकेक अक्षर धुतलं. मधेच मी मजुरीवर घासाघीस सुरू केली, तर त्यांनी ब्रश खाली ठेवला आणि मी गप्प होईपर्यंत उचलला नाही. भाजीवाल्यापासून वकिलापर्यंत घासाघिशीत मी कुणाला हरले नाही. मेस्त्री तेवढे अपवाद.

गगनबावड्याकडच्या खेड्यातून मी एक पिशवी घेऊन कोल्हापुरात आले. कचेरीबाहेर टेबल टाकून अर्ज, प्रतिज्ञापत्रं टाइप केली आणि त्यावर शिवाजी पेठेत दोन खोल्या उभ्या केल्या. आता शेजारच्या टेबलांवर कॉम्प्युटर आलेत. मी दोनदा शिकायला गेले, दोन्हीदा शिकवणाऱ्याशी भांडून परत आले. म्हणजे हे मशीन बंद पडलं, की मी बंद पडले. रोज सकाळी पहिलं अक्षर भीत भीत दाबायचे. आणि शहरात दुरुस्त करणारे मेस्त्री एकटेच उरले होते.

गेल्या थंडीत एका सकाळी अक्षरं एकावर एक उमटायला लागली. गाडी, म्हणजे कागद घेऊन सरकणारा वरचा भाग, जागची हलेना. मेस्त्रींना घरी बोलावलं. त्यांनी फरशीवर पांढरं फडकं अंथरलं, मशीनच्या मागं हात घातला आणि म्हणाले, "गाडी वढायची दोरी तुटलीया. आज तुमी बसवायची."

"मग तुम्हाला कशाला बोलावलंय?"

"मला दिसत न्हाय, बाई. दोन वर्सं झाली."

दोन वर्षं हा माणूस नुसत्या बोटांनी माझं मशीन उघडत होता! माझं डोकंच फिरलं. "सगळ्या कचेरीला ठाऊक असणार, आणि मला नाही?"

"तुमाला सांगितलं असतं, तर तुमी दुसरा बघितला असता."

"दुसरा हाय कुठं?" मी ओरडले. मेस्त्रींनी नव्या दोरीचं रीळ माझ्या हातात दिलं.

काम सांगायला सोपं होतं. मासे धरायची नायलॉनची दोरी स्प्रिंगच्या डबीला बांधायची, डबीला चार वेढे द्यायचे, अंगठ्यानं दाबून धरायची आणि दोरीचं दुसरं टोक गाडीला अडकवायचं. अंगठा सुटला, तर आतली स्प्रिंग तुटणार. तशी स्प्रिंग आता मिळत नाही.

"भ्या वाटतंय?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग हात लावू नका. वाटायला लागलं की सांगा."

मी पदराला तळवे पुसले. पुन्हा पुसले. "वाटतंय," मी म्हणाले.

"हं. आता धरा."

तिसऱ्या वेढ्याला अंगठा घामानं निसटला. डबी घर्रर्र करून उलटी फिरली आणि मी किंचाळले. मेस्त्रींनी कान लावला, बोटानं डबी हळूच चाचपली. "वाचली. परत." या वेळी त्यांनी स्वतःचा अंगठा माझ्या अंगठ्यावर ठेवला. तो गार होता, त्यात जोर उरला नव्हता. त्या दिवशी मला मशीनपेक्षा त्या अंगठ्याची जास्त काळजी वाटली. दोरी अडकली, गाडी सरकली. मजुरी मात्र त्यांनी पुरी घेतली.

उन्हाळ्यात लेक त्यांना हातकणंगल्याला घेऊन गेली. मी भेटायला गेले नाही. डोळ्यांचं लपवल्याचा राग होता. ते वारल्याचं मला आठवड्यानं कचेरीत कळलं, तेही कुणीतरी चहा पिता पिता बोललं म्हणून. एक निरोप पाठवायला काय झालं होतं? हे मी अजून विसरलेले नाही.

परवा सकाळी एक अनोळखी माणूस पोत्यात बांधलेलं मशीन घेऊन दारात उभा राहिला. "हातकणंगल्यास्नं आलोय. मेस्त्रींनी सांगून ठेवल्यालं, मशीन बिघडलं तर पेठंतल्या बाईंकडं जा."

"मला विचारलं होतं का त्यांनी?"

"ते मला काय म्हाईत? गाडी सरकत न्हाय बघा. माझं बी पोट ह्याच्यावरच हाय." त्यानं पोतं सोडलं. "जमंल न्हवं?"

"बसा पावणं, ओट्यावर," मी म्हणाले. मशीन आत ओढलं आणि दार लोटून घेतलं, पदराला तळवे पुसताना मी त्याला दिसू नये म्हणून.