कोबीला पाणी का सुटतं

चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत मी क्वालिटीत होतो. सगळी नोकरी मी एकच प्रश्न विचारत काढली: का? पार्टवर चरा पडला, का? टूल झिजलं, का? उत्तर आलं की त्या उत्तरालाही पुन्हा का. या पद्धतीला आमच्याकडे ‘व्हाय-व्हाय’ म्हणत आणि पोरं माझ्या पाठीमागे मलाही तेच म्हणत. रिटायर झालो त्या दिवशी आयकार्डाबरोबर ही खोडही गेटवर जमा करायला हवी होती, पण ती माझ्याबरोबर चिंचवडच्या घरी आली. बायको म्हणायची, "मशीनला विचारायचं ते मला विचारू नका." ती लातूरकडची. तिला उत्तरं देण्यापेक्षा कामं उरकणं जास्त आवडतं.

आमची मुलगी हिंजवडीजवळच्या माणला आयटी कंपनीत आहे. तिला बढती मिळाली तेव्हा तिनं आम्हा दोघांना वाकडच्या एका हॉटेलात नेलं होतं. मोठमोठ्या ताटल्या आल्या, पण बायकोनं त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. बाजूच्या छोट्या वाटीत बारीक चिरलेला कोबी होता. पांढरा, गारेगार, साईत कालवल्यासारखा. तोच ती चमच्यानं खात बसली. "कोशिंबीर चांगली हाय," ती म्हणाली, "पण बिचारे फोडणी विसरले." मुलीनं सांगितलं, आई, याला कोलस्लॉ म्हणतात. बायकोनं तो शब्द एकदा तोंडात घोळवला आणि सोडून दिला. तेव्हापासून आमच्या घरात त्या पदार्थाचं नाव ‘फोडणी विसरलेली’.

पुढच्या वर्षी तिच्या कानाखाली गाठ आली. ऑपरेशन झालं, मग रेडिएशनचे शेक दिले. गाठ गेली, जखमा भरल्या, आणि देवाची कृपा म्हणून आम्ही सुटकेचा निःश्वास सोडणार एवढ्यात नवंच सुरू झालं. तिचं तोंड कोरडं पडलं. लाळेच्या ग्रंथी शेकाच्या तडाख्यात सापडल्या, असं डॉक्टर म्हणाले. भाकरीचा तुकडा तोंडात नुसता फिरत राहायचा. मऊ भातसुद्धा प्रत्येक घासाला पाण्याचा घोट घेतल्याशिवाय खाली उतरत नसे. "भुसा खायलेय असं वाटतंय," ती म्हणायची आणि ताट सरकवायची.

शेक चालू होते तेव्हा तिच्या नाकात नळी होती. दूध, सूप, सगळं त्या नळीतून. ती काढली त्या दिवशी बायको कितीतरी वेळ नाक चोळत खिडकीत बसली होती. आता वजन पुन्हा उतरू लागलं, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं की पुढच्या भेटीपर्यंत सावरलं नाही तर परत नळीचा विचार करावा लागेल. घरी चपला काढताना ती म्हणाली, "काहीही करा, पण ती नळी नको."

मी घाबरलो होतो, हे सरळच सांगतो. लाळ परत येईल का, असं मी डॉक्टरांना खोदून खोदून विचारलं होतं. ते म्हणाले, "काहींना येते, थोडी थोडी. पी हळद आणि हो गोरी, असं नसतं. वाट बघा." आमच्या रिपोर्टात उपायाच्या रकान्यात ‘वाट बघा’ असं लिहिलं असतं तर साहेबानं मला कंपनीच्या बसनं परत घरी पाठवलं असतं.

काय खावंसं वाटतं, असं मी तिला रोज विचारायचो. काहीच नाही, असं रोज उत्तर यायचं. एके दिवशी मात्र ती म्हणाली, "ती फोडणी विसरलेली."

मुलीला फोन केला. ती त्याच संध्याकाळी माणच्या एका हॉटेलातून डबा घेऊन निघाली, आणि हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये तो डबा तिच्याबरोबर अडकून पडला. घरी येऊन झाकण उघडलं तर कोबी पाण्यात डुंबत होता. वर पांढरट पाणी, खाली मऊ पडलेल्या दोऱ्या. बायकोनं तरी चमचाभर घेतला आणि डोळे मिटले. त्यातला व्हिनेगर तिला झोंबला. मुलीचा चेहरा पडला. "सॉरी आई, हॉटेलात बघितलं तेव्हा चांगलं होतं." मी मात्र डब्यात बघत राहिलो. कोबीत कोणी पाणी घातलं नव्हतं. मग आलं कुठून?

दुसऱ्या दिवशी मी मंडईत गेलो. भाजीवाली जुन्या गावातली, तिच्याकडे आम्ही वर्षानुवर्षं घेतो. मी एक गड्डा हातात तोलून विचारलं, "मावशी, यात पाणी किती असतं?"

"पानी न्हाई तर काय दूध असल व्हय?" ती म्हणाली. "गच्च गड्डा घ्या, पोकळ नगं."

गच्च गड्डा घेतला. मोबाइलवर एक व्हिडिओ लावून कोबी चिरला. किसणीवर किसला तर लगदा होतो आणि विळी मला नीट चालवता येत नाही, म्हणून सुरी घेतली. सगळे तुकडे एका जाडीचे हवेत असं व्हिडिओतली बाई म्हणत होती, तेव्हा माझ्या जुन्या बॅगेतला व्हर्निअर काढून एक दोरी मोजली. नेमकी तेव्हाच बायको स्वयंपाकघराच्या दारात आली.

"काय करायलात?"

"जाडी बघतोय."

"कोबी गाडीला बसवायचाय का?" ती म्हणाली. खूप दिवसांनी तिनं माझी टिंगल केली होती. मला इतकं बरं वाटलं की मी आणखी दोन दोऱ्या मोजल्या.

चिरलेल्या कोबीत मीठ, साखर आणि बाटलीतलं मेयोनीज घालून कालवलं, फ्रिजमध्ये ठेवलं. दुपारी भांडं काढलं तर तळाला तळं. मी म्हणालो, गड्डाच खराब निघाला. ती म्हणाली, "नाचता येईना अंगण वाकडं."

मग मी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसलो आणि आमचं व्हाय-व्हाय सुरू झालं. पाणी का सुटलं? मीठ लागलं म्हणून. मिठानं का सुटतं? ती म्हणाली, कारल्याला सुटतं, कैरीच्या फोडींना सुटतं, मग कोबीनं काय घोडं मारलंय? मी विचारलं, "मग तुझ्या कोशिंबिरीला इतकी वर्षं का नाही सुटलं?"

"सुटतं की. म्हणून तर ताटं घेतल्यावर मीठ घालायचं. तुमच्यापुढं आयतं ताट यायचं, तुम्हाला कसं कळणार?"

पण तिची युक्ती इथं चालणार नव्हती. एवढीशी वाटी संपवायला तिला हल्ली अख्खी दुपार लागायची. ऐन वेळी मीठ घातलं तरी अर्ध्या वाटीवर पुन्हा तळं झालंच असतं. मी बराच वेळ डोकं खाजवलं. पाणी सुटणारच असेल तर ते आधीच काढून घ्यावं, अगदी सगळं, मग दुसरं काही घालावं. मी हे तिला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे आधी रडून घेऊ द्यायचं त्याला."

तसंच केलं. नवा कोबी चिरला, मीठ चोळलं, चाळणीत घातला, खाली परात ठेवली. आम्ही दोघं टेबलाशी बसून बघत राहिलो. आधी काहीच होत नव्हतं. मग दोऱ्या चमकू लागल्या, आणि एक थेंब परातीत पडला. मग दुसरा. चाळीस वर्षं कोबीची भाजी खाल्ली, पण त्यातून पाणी निघताना मी कधी बघितलं नव्हतं. आतून कसं येत असेल, कुठून वाट काढत असेल, हे मी मोठ्यानं बोलत होतो. बायकोनं परातीतल्या पाण्याला बोट लावलं.

"बघा, एवढं होतं याच्यात," ती म्हणाली. "आणि माझ्या तोंडात टिपूस नाही."

तिनं हे तक्रारीच्या सुरात म्हटलं नव्हतं, तिलाही नवल वाटत होतं. पण मला ते सहन झालं नाही. मी उठून चाळणी नळाखाली धरली आणि खारटपणा जाईपर्यंत कोबी धुतला. मग सुती फडक्यात घालून जीव खाऊन पिळला. परातीतलं पाणी मोरीत ओतलं तर मागून आवाज आला, "टाकलं का? थालीपिठाचं पीठ भिजवलं असतं की त्यात." तिला थालीपीठ गिळता येत नव्हतं. तरी पाणी वाया गेल्याचा राग मात्र जिथल्या तिथं होता.

राहिलं ते कालवण. बाटलीतल्या मेयोनीजमध्येही व्हिनेगर असतो, तो झोंबणार म्हणून तिनंच रस्ता काढला. श्रीखंडाला करतो तसा चक्का करा, म्हणाली. नळाला दह्याचं फडकं टांगलं. तिथंही तेच, पाणी खाली, घट्ट ते वर. सकाळी त्या चक्क्यात साय फेटली, साखर घातली. चव घेतली तर नुसतं गोडमिट्ट. आंबट हवं होतं, पण आंबटाचीच भीती. मी लिंबू कापून हातात धरून उभा राहिलो.

"पिळा," ती म्हणाली. "थोडंच."

आपण चटणी, लोणचं, कोशिंबीर यांना तोंडी लावणं म्हणतो. पोट भरायला भात-भाकरी, आणि हे फक्त तोंडाला लावायला. पानात डावीकडे एवढंसं वाढायचं. मला आयुष्यभर ते जास्तीचं वाटत आलं, झालं तर झालं, नाही तर नाही. त्या दुपारी मी मऊ खिचडीची ताटली तिच्यापुढं ठेवली, शेजारी पाण्याचा पेला, आणि डावीकडे ती पांढरी वाटी. डॉक्टरकडे जायचा दिवस जवळ आला होता. खिचडीपेक्षा माझं सगळं लक्ष त्या वाटीवर होतं.

तिनं चमचाभर कोबी घेतला. चावत राहिली. मग चावणं थांबलं आणि तिचा हात कानाखाली गेला, जिथं टाके घातले होते तिथं.

"काय झालं? दुखतंय का?"

तिनं मान हलवली. कानाखाली बोट तसंच दाबून धरलं होतं, कसली तरी चाहूल घेतल्यासारखं.

"सुटलं," ती म्हणाली.

माझा धीरच खचला. पुन्हा तेच. मी वाटी उचलली, तिरकी केली, चमच्यानं कोबी बाजूला सारून तळ बघितला. "कुठं सुटलंय? थेंब नाही. नीट बघ, घट्ट आहे."

"कोबीला नाही हो," ती म्हणाली. "तोंडाला."

तिनं आणखी एक चमचा कोबी घेतला, त्यावर खिचडीचा घास घेतला, आणि पाण्याच्या पेल्याला हात न लावता तो गिळला. का, हे मी विचारलं नाही.