होड्यांच्या किल्ल्या

धुकं समुद्रावरून उठायचं नाव घेत नव्हतं. होड्या वाळूवर अडकलेल्या, आणि एदुविना सकाळपासून शेडमध्ये शिंपले फोडत बसलेली.

आमच्या या चिलीच्या किनाऱ्यावर जमीन हलली की कोळी आधी होडीकडे धावतो. लाट यायच्या आत ती खोल पाण्यात न्यायची. एदुविनाचा नवरा तसाच गेला. नंतर तिनं जुन्या शिडाच्या कापडावर आमचं बंदर रंगवलं: घरं, वाळू, अंगावर येणारी लाट, मागची टेकडी. वालाचे दाणे म्हणजे आम्ही. तिनं पातेलं बडवलं की भूकंप. लाटेआधी टेकडी गाठेल तो जिंकला.

लोकांना यात काळंबेरं दिसलं. मासळीवाल्या कंपनीला किनारा मोकळा हवाय, तिनंच हिला फितवलंय, अशी कुजबुज होती. तिचा दीर बेलार्मिनो तर तोंडावरच म्हणाला, टेकडीवर जागा घेऊन ठेवलीस काय, वहिनी?

तरी तो खेळायला यायचा आणि दरवेळी जिंकायचा. तिला संशय त्याचाच. दाणा टेकडीवर, डोळे दारातून होडीवर. तिला आवडेल तसं तो खेळत होता. खरी जमीन हलली की हा खालीच धावणार आणि भावासारखा जाणार, हे तिला दिसत होतं.

त्या सकाळी तिनं हात पुसले, कापड पसरलं आणि नियम बदलला. प्रत्येकानं आपल्या इंजिनाची किल्ली वाळूच्या चौकोनात ठेवायची. टेकडी चढताना खाली राहील ती किल्ली संध्याकाळपर्यंत तिच्याकडे, मग धुकं फाटो नाहीतर न फाटो.

पातेलं वाजलं. बेलार्मिनोचा दाणा अर्धा चढ चढला आणि मागे फिरला. त्यानं किल्ली उचलून मुठीत धरली.

"भावजी, बुडालात," ती म्हणाली. "तुमचे भाऊ बुडाले तिथंच."

"मी वर बसू, आणि हे टोणगे होड्या काढून पळतील. फुटेल ती एकटी माझी. हे वरच थांबतील, याची हमी तू देतेस?"

आम्ही एकमेकांकडे बघू लागलो. तोच किडा प्रत्येकाच्या डोक्यात होता. एदुविनानं लाट रंगवली होती, शेजारी रंगवायचा राहिला होता.

तिनं उरलेल्या किल्ल्या गोळा करून कापडावरच्या टेकडीवर ठेवल्या. "टेकडीवर एक पेटी ठेवू. होडी किनाऱ्याला लागली की किल्ली त्या पेटीत. खेळातही आणि खरोखरही. मग ज्याला होडी पाहिजे, तो आधी चढेल."

बेलार्मिनोनं एकेक किल्ली निरखली, मग आपली टाकली. "आणि दुसऱ्या किल्ल्या? त्या कुणाकुणाकडे आहेत?"

त्यानंच आधी टोपी काढली आणि अस्तरातून स्वतःचीच दुसरी किल्ली काढून कापडावर ठेवली. मग आमचेही हात खिशांकडे गेले.

एदुविनानं सुरी उचलली आणि राहिलेले शिंपले पुढ्यात ओढले.