सर्पगंधेचे ते फ्लास्क

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, आजही नाही. भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की मी उठून आत जाणारी बाई. पण हे माझ्याच डोळ्यांसमोर घडलं, म्हणून लिहितेय...

साठच्या दशकातलं बेंगळूरु. घर चामराजपेटेत, आणि मी एका प्रयोगशाळेत असिस्टंट. सर्पगंधेच्या मुळात रक्तदाबावरचं औषध असतं. मुळं खणून रानं रिकामी होत होती, म्हणून आम्ही मुळाचा इवलासा तुकडा बंद फ्लास्कमध्ये, आगरच्या, म्हणजे पोषक जेलीच्या, थरावर वाढवायचो. त्याचे पांढरट गोळे छान वाढायचे, पण तपासले की औषध नाहीच! शेवटी साहेबांनी सांगून टाकलं – महिनाअखेरीला काम बंद.

मला हे काम शिकवलं सुमतीअक्कांनी. त्या तेव्हा रजा घेऊन बेळगावला, माहेरी गेल्या होत्या. एका दुपारी मी निर्जंतुक खोलीवरून जात होते. दाराच्या काचेतून पाहते तर आत अक्का... तोंडाला फडकं, पुढ्यात स्पिरिटचा दिवा, हातात चिमटा. मी काचेवर टकटक केली. मान वर न करता त्या म्हणाल्या, "स्वल्प थांब गं. आणि हे टाकू नकोस."

फडक्यामुळे माणूस ओळखण्यात चूक झाली म्हणाल. पण आवाज?

रजेवरून लवकर आल्या असतील, असं समजून त्यांच्यासाठी चहा सांगून परतले, तर खोलीला कुलूप. किल्ली साहेबांच्या टेबलावर. सकाळपासून कुणी मागितलीच नव्हती म्हणे. उघडून पाहिलं – दिवा अजून गरम, आणि ताजे तुकडे घातलेले फ्लास्क ओळीनं मांडलेले. साहेबांना वाटलं, त्यांची नजर चुकवून किल्ली नेऊन मीच केले.

दुसऱ्या दिवशी अक्कांच्या भावाचा ट्रंककॉल आला. अक्का आठवडाभर टायफॉइडनं अंथरुणावर होत्या.

मी ते फ्लास्क टाकले नाहीत. गोळे वाढल्यावर तपासले, तर त्यांत औषध सापडलं. थोडंसंच, पण होतं. काम बंद व्हायचं टळलं. पुढे तसेच तुकडे, तसाच आगर, सगळं तसंच करून पाहिलं... पुन्हा कधी औषध आलं नाही.

अक्का परतल्या त्या निम्म्या होऊन. मी सगळं सांगितलं. त्या हसल्या नाहीत, फ्लास्कनाही हात लावला नाही. त्या दुपारी डॉक्टरांनी आशा सोडली होती, एवढं म्हणाल्या. मग हळूच विचारलं, "मी बरी दिसत होते का गं?"

"हो," मी म्हटलं. "अगदी नेहमीसारख्या."

त्यांनी डोळे पुसले. ते तुकडे कुणी कापले, हे मात्र त्यांनाही सांगता आलं नाही, आणि मला तर अजूनही नाही.