अमेरिकेहून आलेली अंगठी

रत्नप्रभाबाईंच्या डाव्या हाताचं एक बोट कापावं लागलं, आणि त्याचा दोष वाकोल्यातल्या एकजात सगळ्यांनी त्यांच्याच माथी मारला. काय तर म्हणे धुण्याचा सोडा, काय तर म्हणे पथ्य पाळत नाहीत! लग्नात अमेरिकेतल्या मामांनी दिलेल्या अंगठीखाली तीस वर्षं जखम चिघळत होती. पण सोन्यावर संशय कोण घेणार?

डॉक्टर उत्तराबाईंनी घेतला. कापलेल्या बोटाचा रिपोर्ट आला तशा त्या म्हणाल्या, "हे किरणांनी जळलंय. ती अंगठी आधी इथे आणा."

मग त्यांनी नीट समजावलं. रेडॉन नावाचा वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही, तो कशाशी संयोग पावत नाही, पण किरणं सोडतो. म्हणून पूर्वी तो सोन्याच्या बारीक नळ्यांत कोंडून कॅन्सरच्या गाठीत खुपसत. वायू महिन्याभरात संपतो. मागे राहिलेला अंश मात्र सोन्यात मुरून वर्षानुवर्षं भाजत राहतो. असल्या नळ्या तिकडे अमेरिकेत कुणा हलकटाने मोडीत विकल्या आणि त्यांच्या अंगठ्या झाल्या. तिकडच्या लोकांनी आपापले दागिने तपासून घेतले म्हणे. वाकोल्याला कोण सांगायला येणार होतं?

रत्नप्रभाबाई तडक घरी आल्या. पाहतात तर अंगठीची डबी रिकामी! नवऱ्याची गिरणी बंद पडल्यापासून घरात दुसरं सोनं उरलं नव्हतं. म्हणून नवऱ्याने, लवूने, कुणाला न विचारता अंगठी वितळवून नातीसाठी बाळ्या करून घेतल्या होत्या. सोनार कान टोचायला येऊन बसलाही होता आणि पोर सुनेच्या मांडीवर खुशाल हसत होती.

बाईंनी सोनाराच्या हातातून बाळ्या हिसकावल्या.

"येड लागला काय गो तुका?" लवू खेकसला. "सोना आगीत घातला काय शुद्ध होता!"

सोनारानेही मान डोलावली. शहाणेच ते दोघे!

बाईंनी नवऱ्याला ओढतच हॉस्पिटलात नेलं. किरणं मोजणाऱ्या यंत्राजवळ बाळ्या ठेवल्या मात्र, ते कडकड वाजत सुटलं. लवूचा चेहरा उतरला. तरी जाता जात नाही ती खोड! हळूच म्हणतो कसा, "आणि एकदा इतळवल्यान तर?"

बाईंचा संताप अनावर झाला.

"इतळवा! आणि पयल्यांदा तुमच्या कानात घाला!"

लवूचा हात आपसूक कानावर गेला.