बहाव्याच्या पानावरचा राखाडी तुकडा

त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा मी बागेत मास्तरांच्या आधी पोचलो. बाक रिकामा बघून मनातून इतका खूश झालो की ते आल्यावर मारायचा टोमणाही जुळवून ठेवला. पाऊण तास मी तो टोमणा चघळत बसलो होतो. शेवटी माळीकाका झारी ठेवून जवळ आले. “मास्तर तो गुजरी गया, भाई. सवारे पांच वागे,” असं म्हणाले आणि डोकं हलवत पुढे पुटपुटले, “आंखे देखातुं नहोतुं, तोय रोज आवता...”

यावर मी काय केलं असेल? मी माळ्याची चूक दुरुस्त केली. म्हटलं, काका, डोळ्यांनी दिसत नव्हतं कसं? तुमचा काहीतरी घोटाळा होतोय, सुकदेव मास्तरांसारखी नजर अख्ख्या सुरतेत नव्हती. काकांनी माझ्याकडे ज्या कणवेनं पाहिलं, ती अजून पाठीत टोचते.

नजरेचं मी खोटं बोललो नव्हतो. पलसाण्याच्या डाइंग मिलमध्ये, कापड रंगवायच्या कारखान्यात, मास्तरांनी तीस वर्षं रंग जुळवले. दोन लालांमधला फरक यंत्राआधी ते सांगायचे. मी सचिन गावच्या कारखान्यात लूमवर. मला लाल तो लाल. दोघंही खानदेशचे आणि शेजारशेजारच्या गल्ल्यांतले, म्हणून उधन्याच्या या बागेत रोज सकाळी एकत्र. निवृत्त झाले तेव्हा त्यांनी मिलमधून कापडाच्या नमुन्यांचा एक जुडगा आणला होता, बोटभर रुंदीच्या शेकडो पट्ट्या. पिंपळाला तांबूस पालवी फुटली की त्या पानाला पट्टी लावून बघायची, जुळली की वहीत टाचायची, खाली झाडाचं नाव आणि महिना. माघात पांगारा, फाल्गुनात सावर, चैत्रात करंजाची ती कच्ची हिरवी पालवी. एकदा शिरीषाच्या फुलासाठी त्यांनी मला तीन दिवस ताटकळत ठेवलं, कारण “आज ऊन बरोबर नही शे.” मी कंटाळायचो, चेष्टा करायचो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उशिरा का होईना, पण जायचो.

मागची दोन वर्षं मात्र त्यांनी जुडगा माझ्या हातात दिला. “पांडू, आता तू सांग. कोनता रंग शे?” मला वाटलं, गुरूनं शिष्याला गादी दिली! मी असा काही फुगलो की गल्लीत चार जणांना रंगांवर भाषण दिलं. ते चष्मा घरी विसरायचे, म्हणून पेपर मी वाचायचो. निघताना “तू व्हय पुढे, मी बसस जरा” म्हणायचे, म्हणून मी पुढे व्हायचो. कडुनिंब फुलल्याचं त्यांना माझ्याआधी कळायचं, पानगळ पायाखालच्या आवाजावरून कळायची. मी म्हणायचो, मास्तर, म्हातारपणी कवी झालात. ते हसायचे. दोन वर्षं शेजारी बसून मला एवढंच दिसलं.

आणि मग गेल्या चैत्रातली ती गोष्ट. बहावा आला का, बहावा आला का, असं त्यांनी रोज विचारून मला भंडावलं होतं. झाडावर अजून कळीही नव्हती. फिरकी घ्यावी म्हणून मी सांगितलं, “आला की मास्तर! झुंबरं लागलीत,” आणि जुडग्यातली एक राखाडी पट्टी काढून त्यांच्या हातात ठेवली. आता ओरडतील म्हणून मी वाट बघत होतो. त्यांनी पट्टी बोटांनी सरळ केली, वहीत टाचली आणि समाधानानं म्हणाले, “वा. पिवळा म्हंजे असा पाहिजे.” मला वाटलं, म्हाताऱ्यानं माझी फिरकी माझ्यावरच उलटवली. आठवडाभर मी हा किस्सा सांगत हिंडलो, मास्तर कसे वस्ताद म्हणून.

तेराव्यानंतर वहिनींनी मला बोलावून ती वही आणि तो जुडगा दिला. त्यांच्याकडूनच कळलं, साखरेच्या आजारानं मास्तरांचे डोळे नेले होते. माणूस आला-गेल्याची सावली तेवढी कळायची, रंग नाहीच. सकाळी वहिनी त्यांना बाकावर बसवून जायच्या, परतताना माळीकाका फाटकापर्यंत हात द्यायचे. म्हणजे बायकोला ठाऊक, माळ्याला ठाऊक, आणि ज्याला ते गल्लीभर “मना दोस्त” म्हणून मिरवत, त्याला नाही. मी वहिनींना रागानंच विचारलं, मलाच का नाही सांगितलं? त्या म्हणाल्या, “शपथ घालेल व्हती, भाऊ. म्हने, पांडूले समजनं तर तो मना हात धरी. मंग मनासंगे वाद कोन घाली?”

उत्तर चांगलं आहे. पण राग गेलेला नाही. हात धरायचा की नाही, हे मला ठरवू द्यायचं होतं... आणि माझी थट्टा त्या दिवशी त्यांना एकट्यानं सोसावी लागली नसती, तर... पण छे, सोसलं कुठे? त्यांना कळलंच नव्हतं. सोसतोय मी.

घरी येऊन वही उघडली. पहिल्या वर्षांच्या पानांवर झाडाचं नाव आणि महिना, अक्षर छापील. शेवटच्या दोन वर्षांत ओळी एकमेकींवर चढलेल्या, आणि प्रत्येक नावाखाली आणखी एक ओळ. बहाव्याच्या राखाडी तुकड्याखालीही तीच: “पांडूनी दखा.” पांडूनं पाहिलं.

यंदा बहावा लवकर आलाय. मी आता उजाडताच बाकावर असतो. काल वही आणि जुडगा घेऊन झाडाखाली उभा राहिलो, राखाडी पट्टी काढायला टाचणीला हात घातला आणि तशीच राहू दिली. मग एक-एक पिवळी पट्टी फुलांना लावून बघत बसलो. अकरा झाल्या, एकही जुळेना. माळीकाकांनी विचारलं, काय शोधताय? मी म्हटलं, आज ऊन बरोबर नाही.