न फुटलेलं लिंबू

पुरावा दाखवल्याशिवाय मी घरच्यांचंही ऐकत नाही... ऑडिटर आहे, सवयच ती. अमानवीय अनुभव वाचून आजवर फक्त हसत आले. आज स्वतःचाच लिहितेय, हसायचं तर हसा.

आम्ही पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूचे, घर राजाजीनगरला. अप्पांची — माझ्या वडिलांची — तरुणपणीची विलायती टू-सीटर स्पोर्ट्स कार मागच्या शेडमध्ये धूळ खात पडली होती. अप्पांची नजर झपाट्याने जायला लागली आणि डॉक्टरांनीही हात टेकले. तेव्हा मी हट्टालाच पेटले — दिसतंय तोवर त्यांना या गाडीतून एकदा नंदी हिल्सच्या रस्त्याला न्यायचंच.

इंजिन सुरू झालं, पण काम अडलं एका हबवर. तारांचं चाक ज्यावर बसतं तो दातेरी तुकडा... पुढचा डावा पार झिजला होता. जे.सी. रोडचा स्पेअर पार्ट्सचा बाजार पालथा घातला, जुन्या गाड्यांच्या क्लबच्या ग्रुपवर सगळ्यांचं डोकं खाल्लं, तरी मिळेना. शेवटी देवनहळ्ळीजवळ, प्लॉट पडायला निघालेल्या एका द्राक्षमळ्यात, अगदी तसलीच गाडी गंजत उभी असलेली सापडली. मळ्याच्या म्हाताऱ्या मालकीणबाईंनी हब काढू दिला. निघताना म्हणाल्या, "पूजे माडी हाकम्मा. निंबेहण्णु मरीबेड." पूजा करून लाव, लिंबू विसरू नकोस. मी आपलं "सरी, अक्का" म्हणून होकार दिला.

घरी हब रॉकेलने धुतला, टॉर्च मारून पाहिला. मला तरी काही खोट दिसली नाही, म्हणून बसवून टाकला.

आयुधपूजेच्या, म्हणजे खंडेनवमीच्या सकाळी गाडी गेटपाशी आणली. जॅक, पाने, तांब्याची हातोडी — सगळं हळदकुंकू लावून पाटावर मांडलेलं. त्या दिवशी आमच्याकडे हत्यार उचलत नाहीत. लहानपणी मी एकदा स्क्रूड्रायव्हर उचलला तर अप्पा दिवसभर माझ्याशी बोलले नव्हते.

कोहळा फोडला, चारही चाकांपुढे लिंबं ठेवली. अप्पा टोपी घालून शेजारी बसले. त्यांच्या नियमाप्रमाणे गाडी हातभर पुढे घेतली आणि सगळी लिंबं फुटलीत का ते बघायला मी उतरले.

तीन चपटी झालेली. पुढच्या डाव्या चाकाचं... अख्खं. बाजूला सरकलेलंही नव्हतं, कारण लिंबाला लावलेल्या कुंकवावरून टायरची काळी नक्षी उमटलेली होती. अंगठ्याने दाबलं तर मऊ.

खाली फरशी सपाट, खड्डा वगैरे काही नाही. ते तिथेच ठेवून गाडी मागे घेतली, पुन्हा पुढे आणली. लिंबू तसंच!  तरी हसत म्हटलं, "अप्पा, एक राहिलं. निघू या, उशीर होतोय."

"स्वल्प थांब गं. कुठलं?"

"पुढचं डावं." म्हणजे त्यांच्याच बाजूचं.

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "हातोडी आण. ते चाक काढ."

"अप्पा, आज? पूजेतली?"

"पाप लागलं तर मला लागू दे. तू काढ."

हातोडीवरचं फूल मी बाजूला ठेवलं. चाकाचा मधला नट ठोकून सैल केला, चाक निघालं. हबच्या मुळाशी केसाएवढी भेग होती, जवळजवळ पूर्ण गोल फिरलेली. हायवेवर वेगात ते चाक निखळलं असतं. मी तिथेच खाली बसले आणि रडले.

भेग माझ्या नजरेतून सुटली असेल, मान्य. पण त्या लिंबाचं काय? टायरची खूण होती, मग वजन कुठे गेलं? याचा हिशोब मला आजही लागलेला नाही.

पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लेथवाल्याकडून नवा हब करून घेईपर्यंत कित्येक महिने गेले. तोवर अप्पांना फक्त उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. पुन्हा लिंबं ठेवली, पुन्हा हातभर पुढे. अप्पांनी हात पुढे केला. "पुढचं डावं दे."

चिरडलेलं लिंबू त्यांच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी बोटांनी चाचपलं, वास घेतला.

"सरी. आता चल."

नंदी हिल्सपर्यंतचा सगळा रस्ता मी त्यांना बोलून दाखवत गेले.