बोधिसत्त्वाला ओळंबा

पप्पा चाकणच्या एका कंपनीत तपासणी खात्यात होते. रिटायर झाले तरी घरात आलेली प्रत्येक वस्तू आधी त्यांच्याकडून पास व्हावी लागते. चपातीसुद्धा. मी शाळेत चित्रकला शिकवते, म्हणजे त्यांच्या मते बिनमापाच्या धंद्यात आहे.

देहूरोडच्या आमच्या विहाराच्या भिंतीवर बुद्धपौर्णिमेआधी अजिंठ्याच्या धर्तीचा, हातात कमळ धरलेला बोधिसत्त्व काढायचं काम मला मिळालं. एवढं मोठं चित्र मी पहिल्यांदाच काढत होते आणि जीव ओतून काढत होते. रेषा पुऱ्या झाल्या. पण रंग भरण्याआधी तपासणीतला माणूस म्हणून पप्पांनी बघून घ्यावं, असं कमिटीनं ठरवलं. त्यांनी नाही म्हटलं, की भिंतीवर पुन्हा चुना. चुन्याची बादली कोपऱ्यात भिजवून ठेवलेलीच होती.

पप्पा आले ते गवंड्याचा ओळंबा मागून घेऊन. बोधिसत्त्वाच्या कपाळावरून त्यांनी ती वजन बांधलेली दोरी सोडली. ती नाक, हनुवटी, बेंबी सगळ्यांना चुकवून खाली गेली. मी समजावलं, की जुने चित्रकार मान, कंबर आणि गुडघा असा तीन ठिकाणी बाक देत, त्यानंच अंगात जीव येतो. डोळे अर्धे मिटलेत ते करुणेनं.

पप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं. "तीन ठिकाणी बाक म्हणजे रिजेक्ट," ते म्हणाले. "आणि डोळ्यांचं म्हणशील, तर हा नाइट शिफ्ट करून आलाय."

कमिटीच्या माना हलल्या. माझी नजर चुन्याच्या बादलीकडे गेली.

तेवढ्यात आई सगळ्यांसाठी चहा घेऊन आली. चित्राकडे न बघता ती पप्पांकडेच बघत राहिली. जन्मभर उभ्यानं काम करून त्यांचा एक गुडघा गेलाय. सगळा भार दुसऱ्या पायावर, कंबर एका अंगाला, मान कललेली, डोळे बारीक केलेले. हातात कमळाच्या जागी ओळंबा.

"अहो, ती दोरी जरा स्वतःच्या कपाळाला लावा," आई म्हणाली. "इतकी वर्षं मी तुम्हाला पास करत आले, ते काय ओळंबा लावून?"

कमिटीनं हसू लपवायला कपात तोंड घातलं. पप्पांनी सरळ उभं राहून बघितलं. जमलं नाही. मग ते दोरी गुंडाळत बसले, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "भार घेतलेल्या पायाची बोटं जरा पसरट काढ. रात्री तीच दुखतात."